खळे, गोठा आणि वाघ: शहापूर-मुरबाडच्या हिवाळी सणांचे मूळ

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत हिवाळ्याचे सण आश्विन वद्य द्वादशीला वाघबारशीने सुरू होतात आणि फाल्गुन पौर्णिमेच्या होळीपाशी थांबतात. मधल्या साडेचार महिन्यांत दिवाळी, बलिप्रतिपदा, देवदिवाळी, चंपाषष्ठी, मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांत, पौष पौर्णिमेची म्हसा गावची जत्रा आणि महाशिवरात्र येते. हे सण पाळणाऱ्यांत कुणबी आणि आगरी आहेत, तसेच महादेव कोळी, मल्हार कोळी, म ठाकूर, क ठाकूर, वारली आणि कातकरीही आहेत.

या सणांच्या उगमाबद्दल दोन मते सर्रास ऐकू येतात. पहिल्यानुसार हे सगळे पौराणिक हिंदू सण असून रानातल्या लोकांनी ते आपल्या परीने, अर्धेमुर्धे उचलले. दुसऱ्यानुसार सण मुळात आदिवासींचे. त्यांच्यावर पुराणांची झूल चढवली गेली, ती उतरवली की खालचा अस्सल सण हाती लागतो. ही मते एकमेकांच्या विरोधी दिसतात, पण दोन्हींचे गृहीतक एकच आहे: प्रत्येक सणाचा जन्म एकदाच झाला, त्याचा मालक एकच होता आणि त्या मालकाचे नाव कळले की सण कळला.

हे गृहीतकच उथळ आहे. शहापूर-मुरबाडच्या हिवाळी सणांत जे सर्वांत जुने आणि चिवट आहे ते भाताच्या, गुरांच्या आणि जंगलाच्या कामाचे वेळापत्रक. त्या वेळापत्रकावर वेगवेगळ्या काळात वेगवेगळे देव येऊन बसले, कित्येकदा एकाच वेळी शेजारी शेजारी बसले. त्यांतला पहिला कोण हे बहुतेक ठिकाणी ठरवता येत नाही. कोणता थर कशामुळे चिकटला आणि त्यातून कोणाला काय मिळाले, हे मात्र बऱ्याच ठिकाणी सांगता येते. शोध घ्यायचा तर याचा घ्यावा.

युरोपातल्या वादाचा धडा

‘हा सण मुळात आमचा नाहीच, जुन्या मूर्तिपूजकांचा आहे’ हा युक्तिवाद जगभर गाजला तो नाताळामुळे. रोमन सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये अजिंक्य सूर्याच्या पंथाला राजाश्रय दिला. ३५४ सालच्या एका रोमन संग्रहात २५ डिसेंबरला त्या अजिंक्याचा जन्मदिवस नोंदलेला आहे आणि त्याच संग्रहातल्या दुसऱ्या यादीत त्याच तारखेला ख्रिस्ताचा जन्म आहे. दोन नोंदींपैकी कोणी कोणाची तारीख घेतली यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. २५ मार्चला गर्भधारणा मानून नऊ महिने मोजल्यास २५ डिसेंबर येतो, असा स्वतंत्र ख्रिस्ती हिशोबही पुढे मांडला जातो. प्राचीन वृक्षपूजेचा अवशेष म्हणून ज्याच्याकडे हमखास बोट दाखवले जाते, ते सजवलेले सूचिपर्णी झाड तर सोळाव्या शतकातल्या जर्मनभाषक प्रदेशात प्रथम नीट दिसू लागते.

हा युक्तिवाद जोरात मांडणारे सुरुवातीला निधर्मी नव्हते. ते कडवे प्रॉटेस्टंट होते. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांनी १६५९ ते १६८१ नाताळावर बंदी घातली होती. १६८७ मध्ये इन्क्रीज मॅथर या धर्मोपदेशकाने नाताळ म्हणजे रोमनांचा सॅटर्नेलियाच, असे लिहिले. सण मोडून काढायचा असल्याने त्याला हे मूळ उपयोगी होते. उलट टोकाचे उदाहरण ६०१ सालचे. पोप ग्रेगरीने इंग्लंडला निघालेल्या मेलिटसला पत्रातून कळवले, की देवळे पाडू नका, मूर्ती मोडा; आणि लोक बैल मारून जेवण घालतात ते त्यांना घालू द्या, फक्त ते देवाच्या नावाने घालू द्या. म्हणजे मुळाचा प्रश्न कधीच निर्मळ कुतूहलातून आलेला नाही. सण कोणाच्या ताब्यात असावा, हा प्रश्न त्याच्या आत असतो. महाराष्ट्रातही तसेच घडले आहे.

अंधार इथला नव्हे

हिवाळ्यातले सगळे सण मावळत्या सूर्याच्या भीतीतून जन्मले, ही समजूत युरोपातून आली आणि मराठी लेखनात न तपासता रुजली. मुरबाडचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहे. डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवशीही इथे सूर्य जवळपास ११ तास आकाशात असतो. त्याच दिवशी लंडनमध्ये तो आठ तासही नसतो आणि स्टॉकहोममध्ये जेमतेम सहा तास असतो. तिथल्या शेतकऱ्याला सूर्य परतेल की नाही अशी धास्ती वाटली असेल. सह्याद्रीच्या पायथ्याला तसे वाटण्याचे कारण नाही.

टंचाईचा काळही उलटा आहे. उत्तर युरोपात हिवाळा म्हणजे साठवलेल्यावर काढायचे दिवस. शहापूर-मुरबाडमध्ये ते दिवस आषाढ-श्रावणाचे. कणगी रिकामी असते, शेतात लावणीचे काम असते, पोट रानभाज्या आणि कंदांवर चालते आणि खावटीसाठी कोणाच्या तरी दारात जावे लागते. सरकारने आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना काढली तीही याच पावसाळी उपासमारीवर. हिवाळा इथे भरल्या घराचा ऋतू आहे, म्हणून इथले हिवाळी सण याचना करणारे कमी आणि वाटप करणारे, हिशोब मिटवणारे अधिक आहेत.

सूर्याशी थेट जोडलेला एकच सण या मालिकेत आहे, तो संक्रांत. बाकीचे तिथीने येतात, संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशाने येते. ती उत्तरायणाची म्हणून साजरी होते, पण सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. अयनबिंदूंच्या मंद सरकण्यामुळे राशींचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे आणि सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. सूर्य उत्तरेकडे वळण्याचा आणि संक्रांतीचा दिवस एकत्र होते त्याला सतराशेच्या आसपास वर्षे झाली. सण सूर्य पाहून ठरत असता तर एवढे अंतर कोणीतरी भरून काढले असते. तो पंचांग पाहून ठरतो. या तालुक्यांपुरते आणखी एक म्हणता येते: तीळ आणि ऊस ही इथली मुख्य पिके नव्हेत. उतारावर नागली, वरी आणि खुरासणी होते, गूळ घाट उतरून येतो. संक्रांतीचा तिळगूळ इथे पंचांगासोबत आणि बाजारासोबत आला, असे मानणे सयुक्तिक ठरते.

पहिला थर: भात

इथली शेती पावसाच्या पाण्यावरची आणि मुख्यतः एका पिकाची. हळवे भात आश्विनात तयार होते, गरवे कार्तिकात आणि मार्गशीर्षात. कापणी, भारे बांधणे, उडवी रचणे, खळे सारवणे, झोडणी, वाऱ्यावर धरून उपणणे, रास लावणे आणि कणगी भरणे हा कामांचा क्रम आहे. कापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा टाकला जातो.

या क्रमाशी जोडलेले दोन प्रकारचे विधी आहेत आणि त्यांतला फरक या लेखाच्या दाव्यासाठी निर्णायक आहे. काही विधींना तिथी आहे: कोजागरीची पौर्णिमा कोकणात नवान्न पौर्णिमा म्हणून पाळली जाते, आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजन होते. काही विधींना तिथीच नाही. राशीची पूजा ज्या दिवशी ज्याच्या खळ्यावर झोडणी संपते त्या दिवशी होते. शेजारच्या खळ्यावर ती आठ दिवसांनी होईल. पंचांगात तिला जागा नाही, भटजीची गरज नाही, आणि रास लागेपर्यंत ती करता येत नाही. नवे धान्य देवाला दिल्याशिवाय खायचे नाही, हा नियमही असाच पिकाच्या हाताने चालतो. वारली त्या धान्याला कणसरी देवी मानतात, कुणब्याच्या घरी तिला लक्ष्मी म्हणतात. समोरची रास तीच असते. कणसरी जुनी की लक्ष्मी, हे ठरवण्याचा पुरावा त्या राशीत नाही. झोडणीशिवाय दोघींचीही पूजा होत नाही, एवढे मात्र स्पष्ट आहे.

रास म्हणजे वाटणीची जागाही होती. कुळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला मालक करेपर्यंत जमीनमालकाचा खंड आणि सावकाराची वसुली खळ्यावरच मोजली जाई. राशीला हात जोडणाऱ्या कुळाचा भाव आणि शेजारी माप घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा भाव एक असणे शक्य नव्हते. सणाच्या मुळाविषयी लिहिणाऱ्यांनी देवांच्या वंशावळी पुष्कळ काढल्या, पण खळ्यावरच्या या वाटणीकडे फारसे पाहिले नाही. ही उणीव मोठी आहे, कारण कोणता देव टिकला आणि कोणता मागे पडला याची बरीच उत्तरे तिथे सापडण्याजोगी होती.

दुसरा थर: गुरे

आश्विन वद्य द्वादशीला पंचांगात गोवत्स द्वादशी आहे. गावठाणात आणि शहरात ती वसुबारस म्हणून पाळतात, गायवासराची पूजा होते. त्याच दिवशी सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर महादेव कोळी, ठाकूर आणि त्यांच्या शेजारचे लोक वाघबारस करतात. गुराखी पोरे घरोघर फिरून तांदूळ-दूध गोळा करतात, रानाच्या कडेला वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर शिजते, नैवेद्य होतो, कुठे कोंबडे किंवा नारळ दिला जातो. एखादा पोरगा वाघ होतो आणि बाकीचे त्याला हाकलून लावतात.

एकाच तिथीला गाय आणि तिला खाणारा, दोघांची पूजा! यातला मूळ सण कोणता, असा प्रश्न विचारला की दोन तट पडतात. गुराख्याच्या वर्षाकडे पाहिले की जोडी आपोआप जुळते. आश्विनात भात उभे असते, त्यामुळे गुरे शेतापासून दूर, रानात न्यावी लागतात. वाघाची गाठ पडायची ती याच दिवसांत. कापणी उरकली की गुरे मोकळ्या शेतांत सुटतात आणि रानातला धोका कमी होतो. गुराख्याची वर्षाची मजुरी पूर्वी धान्यातच मिळे, म्हणून घरोघर तांदूळ मागण्यात हक्काचाही अंश आहे. गायवासराची पूजा घरात आहे, वाघाची पूजा वाटेच्या शेवटी आहे आणि दोन्हींच्या मधे तोच कळप आहे.

तीन-चार दिवसांनी बलिप्रतिपदा येते. त्या दिवशी बैल धुऊन, शिंगे रंगवून, अंगावर गेरूचे ठसे उठवून सजवतात आणि या भागातल्या अनेक गावांत पेंढ्याचा जाळ करून गुरांना त्यावरून उडवतात. आयर्लंडमध्ये उन्हाळ्याच्या आरंभी गुरांना दोन आगींमधून नेत, अशी नोंद इ.स. ९०० च्या सुमाराच्या एका शब्दकोशात आहे. दोन्ही प्रथांमागे एखादा आदिम धर्म असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. तसे मानायला आधार नाही. गुरे पाळणारी माणसे दोन्हीकडे होती, गुरांचा आजार दोन्हीकडे होता आणि आग दोन्हीकडे होती. एवढे कारण पुरते.

प्रतिपदेचे नाव बळीचे आहे. पुराणांत वामनाने पाताळात ढकललेला राजा वर्षातून एकदा परततो. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त या कथेचा अर्थ उलटवला: बळी हा या भूमीचा न्यायी राजा आणि वामन परका आक्रमक. फुल्यांचे वाचन पुरातत्त्वाच्या कसोटीवर टिकत नाही, पण त्याचे मोल तिथे नाही. बायका ओवाळताना बळीचे राज्य परत मागतात, हे घराघरांत ऐकू येत होते आणि पुराणकथेच्या शेवटाशी ते विसंगत होते. ही विसंगती फुल्यांनी पकडली. देवाने हरवलेल्या राजाच्या बाजूने लोक शतकानुशतके बोलत राहिले, आणि बोलले ते नेमके बैलांच्या दिवशी.

तिसरा थर: वाघ

वाघोबाच्या ठाण्यावर लाकडी फळी किंवा दगड असतो. त्यावर वाघ आणि बहुधा सूर्य-चंद्र कोरलेले असतात. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वन्यजीव अभ्यासकांनी अशी दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली आणि २०२१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. पट्टेरी वाघ या रानांतून नाहीसा झाला आहे. तानसा अभयारण्याच्या आणि माहुलीच्या जंगलात आता बिबट्या आहे, आणि लोक त्यालाही वाघच म्हणतात. प्राणी बदलला तरी ठाणे राहिले, कारण रानाच्या कडेला राहण्याची अट बदललेली नाही.

कामाच्या वेळापत्रकाने सगळेच उलगडते असे म्हणणाऱ्याला इथे थांबावे लागते. कापणी माणूस ठरवतो, वाघ त्याच्या ताब्यात नसतो. वाघोबाच्या पूजेत वाघाला मारण्याची प्रार्थना नसते. त्याचा वाटा देऊन सीमा आखली जाते. ती श्रद्धा आहे, आणि तिला शेतीचे तंत्र म्हणून निकालात काढणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

म्हसा: एका देवाच्या तीन वंशावळी

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला जत्रा भरते आणि पुढे बरेच दिवस चालते. गुरांच्या बाजारासाठी ती साऱ्या ठाणे-रायगडात प्रसिद्ध आहे. बैलांच्या जोड्या, घोंगड्या, शेतीची अवजारे, भांडीकुंडी, मिठाई आणि रात्री तमाशाचे फड असा तिचा पसारा असतो. देवाला लोक म्हसोबा म्हणतात, देवळाचे नाव खांबलिंगेश्वर आहे.

या एका देवाच्या तीन वंशावळी सांगता येतात. देवळाच्या नावानुसार तो शिव. फुल्यांच्या ‘गुलामगिरी’नुसार म्हसोबा हा बळीच्या राज्यातला मोठ्या सुभ्याचा अधिकारी, ‘महासुभा’. दामोदर धर्मानंद कोसंबींच्या १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’नुसार म्हसोबा हा महिषासुराशी नाते असलेला, गुराख्यांचा रेड्याचा देव, काही ठिकाणी देवी त्याला मारते, तर काही ठिकाणी तीच त्याची बायको आहे. तिन्ही वंशावळींना काही ना काही आधार आहे आणि तिन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत.

जत्रा मात्र पौषातच का, या प्रश्नाला तिघांपैकी एकाही वंशावळीतून उत्तर मिळत नाही. ते मिळते कामाच्या वर्षातून. पौषात झोडणी उरकलेली असते, भात विकून हातात पैसा आलेला असतो. पौषात लग्ने करीत नाहीत, म्हणून तो पैसा अजून लग्नांत गेलेला नसतो. नांगरट लांब असल्याने थकलेला बैल विकून नवा घ्यायला आणि त्याला वळण लावायला सवड असते. घाटमाथ्यावरून घोंगड्या उतरतात त्या थंडी असतानाच. देवस्थाने आणि जत्रा जुन्या वाटांच्या आणि चराऊ मार्गांच्या सांध्यावर उभ्या राहतात, हे कोसंबींनी पुणे-जुन्नर भागात पायी हिंडून दाखवले. घाटाखालच्या म्हशाला तो नियम चपखल लागू पडतो. या जत्रेपुरते, देवाची ओळख पटवण्यापेक्षा बाजाराची वेळ समजून घेणे अधिक फलदायी आहे.

नाणेघाट: ‘आधी आणि नंतर’ची अडचण

मूळ आदिवासी आणि वरून चढलेले वैदिक, अशी सोपी उतरंड मांडणाऱ्यांनी मुरबाडहून वैशाखरे मार्गे नाणेघाट चढावा. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इ.स.पूर्व पहिल्या शतकातला मानतात. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाईंची यादी आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेवर वैदिक यज्ञांची भाषा हजर होती. खाली रानात तेव्हाही कोणी गुरे राखत असेल आणि वाघाला वाटा देत असेल. त्याने लेख कोरला नाही, म्हणून तो नंतरचा ठरत नाही. आणि लेख सापडला म्हणून यज्ञ करणारा परका ठरत नाही. इतका दीर्घ शेजार असलेल्या परंपरांत एकीचे शुद्ध मूळ वेगळे काढणे म्हणजे अभ्यासकाने आपली इच्छा पुराव्यावर लादणे होय.

उलट, जुने वाटणारे बरेच काही अगदी अलीकडचे असते. मार्गशीर्षातल्या गुरुवारची महालक्ष्मीची पूजा या तालुक्यांतल्या पाड्यांपर्यंत पोचली ती छापील पोथ्यांमुळे. नारळाला मुखवटा आणि साडी नेसवलेली ती मांडणी पाहून प्राचीन मातृदेवता आठवणे सोपे आहे, पण तिचा प्रसार विसाव्या शतकातला आहे.

नावे कोणी दिली

‘आदिवासींचा धर्म वेगळा की हिंदू’ हा प्रश्न गावातून उठला नाही, तो जनगणनेच्या तक्त्यातून आला. १९०१ च्या जनगणनेत ‘अ‍ॅनिमिस्ट’ असा रकाना होता, १९३१ मध्ये ‘ट्रायबल रिलिजन्स’ असा झाला, स्वातंत्र्यानंतर स्वतंत्र रकाना राहिला नाही. हिंदू आणि अ‍ॅनिमिस्ट यांच्यामधली रेघ कुठे ओढायची हे समजत नाही, असे खुद्द जनगणना अधिकारी लिहून ठेवत होते. महादेव कोळ्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हटले. व्हेरिअर एल्विन त्यांच्या वेगळेपणाच्या बाजूने उभे राहिले. ल. ना. चापेकरांचे सह्याद्रीतल्या ठाकरांवरचे १९६० चे पुस्तक या वादापेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण त्यात ठाकर काय करतात याचे वर्णन आहे; ते कोण आहेत याच्या निवाड्याची घाई नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की सगळे कामावर नेऊन सोडले तर देवाची गरजच काय? जाळाच्या धुराने गोचीड मरतात, हळदीने जंतू मरतात, अशी ‘शास्त्रीय कारणे’ सांगणाऱ्या पुस्तिकांपेक्षा हा विचार वेगळा कसा? फरक असा, की त्या पुस्तिका विधीला औषध समजतात. इथे दावा वेगळा आहे: काम विधीची वेळ, जागा आणि माणसे ठरवते, त्याचा अर्थ ठरवत नाही. देवाला दिल्याशिवाय नवे खायचे नाही या नियमाने पोट भरत नाही, उलट भुकेला आणखी थांबवले जाते. ज्याचे हळवे आधी पिकले त्यालाही हा धरबंध असतो. तो शेजाऱ्यांमधला आणि पूर्वजांशी असलेला करार आहे, आणि त्याला साक्षीदार लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूळ ठरवता येत नाही असे म्हणणे म्हणजे बळकावण्यावर पांघरूण घालणे नाही का? एम. एन. श्रीनिवासांनी ‘संस्कृतीकरण’ म्हणून वर्णन केलेली प्रक्रिया खरी आहे. ठाण्यावर देऊळ बांधले जाते, कोंबड्याऐवजी नारळ येतो, गावच्या भगताची जागा बाहेरचा पुजारी घेतो, वाघोबाला देवीचे वाहन करून टाकले जाते. यात कोणाचा तरी मान आणि उत्पन्न जाते. पण ही घडामोड आहे. तिला वर्ष असते, करणारी माणसे असतात, देणग्या आणि विश्वस्त मंडळे असतात. ती प्रत्येक ठाण्यापुरती दाखवून द्यावी लागते. ‘सगळेच मुळात चोरलेले’ असे एका वाक्यात म्हटले की कोणत्याच चोरीचा पंचनामा होत नाही.

तिसरा आक्षेप हक्कांचा. स्वतंत्र मूळ नाकारले तर आदिवासींच्या ओळखीला धक्का लागेल, ही भीती आहे. कायदा तसे सांगत नाही. अनुच्छेद ३४२ खालच्या अनुसूचित जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे लागू असलेला १९९६ चा पेसा कायदा लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. या परंपरा मूळच्या कोणाच्या, असे तो विचारत नाही. त्या गावात पाळल्या जातात एवढे त्याला पुरते. वाघोबाचे ठाणे वनखात्याच्या हद्दीत आहे म्हणून तिथे जायला अडवले गेले, तर उपयोगी पडेल ती ग्रामसभेची नोंद. वाघोबा आर्यपूर्व असल्याचा सिद्धान्त तिथे निरुपयोगी आहे.

काम बदलले की सण

सणांचा टिकाऊ भाग कामाचे वेळापत्रक असेल, तर काम बदलल्यावर सण बदललाच पाहिजे. या कसोटीवर दावा आज उघडपणे तपासता येतो. पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोडी ठेवणारी घरे कमी होत आहेत. गोवंश हत्याबंदीचा विस्तार बैलांपर्यंत करणारा कायदा २०१५ मध्ये लागू झाल्यावर म्हाताऱ्या बैलाची किंमत कोसळली आणि जुना विकून नवा घेण्याचे चक्र अडले. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यावर आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवल्यावर शर्यतींसाठीच्या बैलांना मागणी आली. म्हशाच्या बाजारात नांगराचा बैल आणि शर्यतीचा बैल यांचे प्रमाण बदलणे हा त्या जत्रेच्या इतिहासातला देवळाच्या जीर्णोद्धारापेक्षा मोठा बदल आहे.

कातकऱ्यांच्या पंचांगात तर वीटभट्टी आली आहे. दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांच्यासाठी वाघबारस आणि दिवाळी हे निघण्याआधीचे सण झाले आहेत, संक्रांत आणि म्हशाची जत्रा भट्टीवर असतानाच निघून जाते, आणि होळीला चार दिवस गावी यायला मिळणे न मिळणे मुकादमाशी होणाऱ्या बोलीवर ठरते. पाड्यांवर होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. त्याच्या मोठेपणाची चर्चा होलिका आणि वसंतोत्सव यांच्यापाशी घुटमळते. फाल्गुनात पाड्यावर किती माणसे परतू शकली, हे मोजायला मात्र कोणी जात नाही. या तालुक्यांतल्या हिवाळी सणांचा पुढचा अभ्यास त्या मोजणीपासून सुरू व्हायला हवा: कोणत्या पाड्यावर होळी पेटवायला माणसे होती, कोणत्या खळ्यावर अजून रास पुजली जाते, आणि कोणत्या ठाण्यावर खीर शिजवायला गुराखी पोरे उरली आहेत.